मथुरा प्रकरण : निकालात, मोर्चात आणि पडद्यावर

देसाईगंज म्हणजे आपलं वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येतं. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होतं, कारण गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. बाहेरच्या माणसाला वडसा माहीत असलं तर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांचं गाव म्हणून माहीत असतं. कायदा शिकणाऱ्यांना मात्र देसाईगंजचं पोलीस ठाणं माहीत असतं, १९७२ साली तिथे एका आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यामुळे. ही दोन्ही गावं एकच आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

या प्रकरणाची हकीकत मी सर्वोच्च न्यायालयाच्या १५ सप्टेंबर १९७८ च्या निकालपत्रावरून सांगते आहे. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे त्याचं नाव. निकाल मुलीच्या विरुद्ध गेला, तरी घटनेचा तपशील त्यातच सर्वांत नीट सापडतो. आणि तो वाचताना पुनःपुन्हा जाणवतं की वर्तमानपत्रांतून, भाषणांतून आणि पडद्यावरून आपल्यापर्यंत पोचलेल्या गोष्टीतून किती माणसं गळून गेली आहेत.

घटना

मुलगी आदिवासी. आईवडील ती लहान असतानाच वारलेले. भावाजवळ राहायची, दोघंही मोलमजुरी करायचे. ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची, त्या बाईच्या बहिणीच्या मुलाशी तिचं जुळलं आणि दोघांनी नवराबायको व्हायचं ठरवलं. २६ मार्च १९७२ रोजी भावाने ठाण्यात तक्रार दिली की आपल्या बहिणीला त्या मुलाने, त्याच्या मावशीने आणि मावशीच्या नवऱ्याने पळवून नेलं आहे. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यावर आणलं गेलं. जबाब झाले. हवालदाराने भावाला मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला सांगितली आणि साडेदहाच्या सुमारास तो घरी गेला. बाकीचे निघाले, तेव्हा ठाण्यातल्या दोन पोलिसांनी मुलीला थांबवून घेतलं आणि तिच्या माणसांना बाहेर पाठवलं.

एकाने तिला ठाण्यामागच्या संडासाकडे नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, असं तिचं म्हणणं. दुसरा दारूच्या नशेत होता. त्यानेही अंगाशी झोंबाझोंबी केली, असं तिने सांगितलं.

बाहेर थांबलेल्यांना ठाण्यातले दिवे बंद झालेले दिसले, दार आतून लावलेलं दिसलं. तेव्हा ती मावशी, जिच्यावर त्याच संध्याकाळी मुलगी पळवल्याचा आरोप झाला होता, ठाण्याच्या मागच्या बाजूला गेली आणि तिने हाका मारायला सुरुवात केली. तिच्या ओरडण्याने लोक गोळा झाले. मुलगी बाहेर आली आणि काय घडलं ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं. हवालदाराला बोलावून आणलं गेलं. तो आला तेव्हा जमाव बिथरलेला होता. पोलिसाला मारण्याची, ठाणं पेटवण्याची भाषा चालली होती. हवालदाराने लोकांना समजावून पांगवलं आणि मग मुलीचा जबाब घेतला. तोच पहिला खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर.

या भागापाशी मला थांबायचं आहे. स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास सांगताना या प्रकरणातला पहिला निषेध १९७९ किंवा १९८० चा धरला जातो. पण पहिला निषेध वडशाला झाला, त्याच रात्री, त्याच ठाण्यासमोर. तो करणारे मजूर, शेजारीपाजारी आणि गावकरी होते. जबाब नोंदवला गेला तो पोलिसांना अचानक कर्तव्य आठवलं म्हणून नव्हे, दाराशी माणसं उभी होती म्हणून. आणि माणसं उभी राहिली ती एका कष्टकरी बाईने अंधारात आवाज दिला म्हणून.

तीन न्यायालयं, तीन निराळ्या मुली

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. अंगावर जखमा नव्हत्या. डॉक्टरांनी वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितलं. योनिपटलाला जुने छेद असल्याचं नोंदवलं. संमतीचं कायदेशीर वय तेव्हा १६ होतं, म्हणजे ते वय सिद्ध झालं असतं तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. सत्र न्यायालयाने वयाचा पुरावा अपुरा ठरवला आणि सगळा खटला संमतीवर आणून ठेवला.

१ जून १९७४ चा सत्र न्यायालयाचा निकाल आजही वाचवत नाही. ती धक्कादायक खोटारडी आहे, असं त्यात आहे. तिला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणून पोलिसाशी आलेला संबंध बलात्कार ठरत नाही, असंही आहे. होणाऱ्या नवऱ्यापुढे आणि जमावापुढे आपण शीलवान दिसावं म्हणून तिने बलात्काराची हाकाटी केली, हा त्यावरचा कळस. १२ ऑक्टोबर १९७६ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने हतबल होऊन गप्प राहणं आणि राजी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खंडपीठाने स्पष्ट शब्दांत मांडलं आणि एका पोलिसाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे सारं शांततेत झालं, आणि ओरडल्याचं ती सांगते ते खोटं.

मला यातली सर्वांत ठळक गोष्ट वाटते ती अशी. मुलीने एक माणूस निवडला होता. ती त्याच्यासोबत संसार मांडणार होती. गोंड-माडियांसारख्या अनेक आदिवासी समाजांत मुलामुलींनी आपली जोडी आपण निवडण्याला जुनी मान्यता आहे. त्यात कोणी वाया जात नाही. तिच्या त्या निवडीचा ठाण्यात गुन्हा झाला आणि न्यायालयात तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. जिने एकदा स्वतःहून होकार दिला तिचा नकार पुढे कुणालाही खरा मानायची गरज नाही, असा हा हिशोब. हा हिशोब बाई म्हणून तिच्यावर बसलाच, पण आदिवासी, अनाथ आणि मजूर मुलगी म्हणून तो जास्त सहज बसला. ज्या समाजाच्या बायका मुळात ‘मोकळ्या’ असतात अशी बाहेरच्यांची समजूत आहे, त्या समाजातल्या मुलीच्या चारित्र्यावर संशय घ्यायला फार खटपट लागत नाही.

तिचं लिंग, तिची जमात, तिची गरिबी आणि तिची इच्छा या चार गोष्टी एकावर एक रचलेल्या नव्हत्या. त्या एकमेकींत विणलेल्या होत्या. एक धागा वेगळा काढून खटला चालवला की दुसरा हाताला लागत नाही.

सेंट लुईसमधला एक खटला

नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली त्याच वर्षी, १९७६ मध्ये, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एक निकाल लागला. सेंट लुईसच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून नोकरकपातीत काढलेल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा केला होता. शेवटी भरती झालेल्यांना आधी काढायचं, हा कपातीचा नियम. १९६४ पूर्वी त्या कारखान्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतच नसत, त्यामुळे शेवटी भरती झालेल्या त्याच. न्यायालय म्हणालं, कंपनी स्त्रियांना घेते, म्हणजे लिंगभेद नाही; वंशभेदाची तक्रार करायची तर कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्याबरोबर करा; दोन्ही जोडून तिसरंच काही मागता येणार नाही. स्त्रिया म्हणून घेतलेल्या होत्या त्या गोऱ्या होत्या, आणि कृष्णवर्णीय म्हणून घेतलेले होते ते पुरुष होते. या पाच जणी दोन्हींच्या मध्ये पडल्या.

किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने १९८९ मध्ये हा निकाल समोर ठेवून आंतरछेदिततेची कल्पना मांडली : लिंग, वंश, वर्ग यांचे अन्याय सुटेसुटे नसतात, ते एकमेकांत मिसळून एकाच माणसावर येतात. आज तो शब्द आपल्या विद्यापीठांत सर्रास ऐकू येतो. अमेरिकेतला वंश इथल्या जाती-जमातींवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही, हेही इथे सांगायला हवं. अस्पृश्यतेचं मूळ वंशात आहे हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढलं होतं. पण क्रेनशॉ यांनी दाखवलेली फट आपल्याला ओळखीची आहे. प्रस्थापित व्यवस्थेला बाई कळते आणि आदिवासी कळतो. आदिवासी बाई समोर आली की कुठल्या खान्यात बसवायची हे उमगत नाही. ही फट न्यायालयातच असते असं नाही. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांतही ती होती.

पत्र आणि मोर्चे

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वर्षभर फारशी हालचाल झाली नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते आजही वाचण्यासारखं आहे. मुलीचं वय, तिचं दारिद्र्य, पोलीस ठाण्यात गरिबाच्या छातीत भरणारी धडकी, हे सगळं त्यात आहे. देशाच्या खेड्यापाड्यांत अशा लाखो मुली आहेत, याची जाणीवही आहे. पत्राला वर्तमानपत्रांनी जागा दिली, मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि त्या वर्षी ८ मार्चला देशातल्या अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. हैदराबादच्या रमीझा बीचं १९७८ चं प्रकरण त्यात जोडलं गेलं, बागपतच्या माया त्यागीचं १९८० चं जोडलं गेलं; दोन्ही पोलिसांच्याच अत्याचाराची. निकाल बदलला नाही. १९८३ मध्ये कायदा बदलला : पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, किमान दहा वर्षांची शिक्षा, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, खटला बंद दाराआड, आणि पीडितेची ओळख छापायला बंदी.

या स्त्रियांचं ऋण मोठं आहे. शहरातल्या शिकलेल्या बायकांनी वडशाच्या एका मजूर मुलीसाठी घोषणा दिल्या, असं भारतात पूर्वी फारसं घडलेलं नव्हतं. पण इतक्या शहरांत, इतक्या भाषांत गोष्ट पोचवायची तर ती सगळ्यांना आपली वाटावी लागते, आणि तसं होताना ती ‘कुठल्याही स्त्रीची’ गोष्ट झाली. ती बाई म्हणून पुढे आली, आदिवासी म्हणून मागे पडली. तिचं प्रेम तर जवळजवळ नाहीसंच झालं. निरागस, असहाय, लहानगी अशी तिची मूर्ती उरली. न्यायाधीशाने तिला वाईट चालीची ठरवली होती, म्हणून पाठीराख्यांनी तिला काहीच चाल नसलेली ठरवलं. हे प्रेमापोटीच झालं. तरी स्वतःचा जोडीदार स्वतः निवडणारी आणि भर जमावात पोलिसाकडे बोट दाखवणारी ती मुलगी या मूर्तीत मावत नाही.

१९८० चे दोन चित्रपट

ज्या वर्षी हे मोर्चे निघाले त्याच वर्षी बलात्कार आणि न्यायालय या विषयावरचे दोन हिंदी चित्रपट आले. दोन्ही खूप गाजले, एक गल्ल्यावर आणि दुसरा जाणकारांत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

पहिला बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’. कथेचा सांगाडा ‘लिपस्टिक’ या १९७६ च्या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेला. झीनत अमान यात सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मॉडेल आहे. ओळखीचा श्रीमंत माणूस तिच्यावर बलात्कार करतो, आणि तिचा पेशा, तिचे फोटो, त्या माणसाशी असलेली तिची ऊठबस दाखवून त्याचा वकील संमती सिद्ध करतो. तो सुटतो. पुढे तो तिच्या धाकट्या बहिणीवर अत्याचार करतो, तेव्हा ती त्याला गोळी घालते आणि दुसऱ्या खटल्यात न्यायव्यवस्थेलाच जाब विचारते. संमतीचा जो खेळ देसाईगंजच्या खटल्यात खेळला गेला तो या चित्रपटाने लाखो प्रेक्षकांना समजावला, हे मान्यच करायला हवं. अत्याचाराची दृश्यं ज्या लांबणीने आणि ज्या नजरेने घेतली आहेत, ती मात्र मला मुळीच मान्य नाहीत. प्रेक्षकांची सहानुभूती इथे एका विशिष्ट बाईला मिळते. ती गोरी आहे, शहरी आहे, उत्तम हिंदी बोलते आणि पोशाख आधुनिक असला तरी आतून ‘चांगल्या घरची’ आहे. न्यायालयात बोलण्याचा हक्क तिला तिच्या वर्गाने आधीच दिलेला आहे.

दुसरा गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’, पटकथा विजय तेंडुलकरांची. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. ओम पुरींचा लहान्या भिकू हा आदिवासी मजूर स्वतःच्या बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. खून त्याने केलेला नाही. गावातल्या बड्या मंडळींनी तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं आहे. लहान्या जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. नसीरुद्दीन शहांचा कुलकर्णी वकील त्याला बोलतं करायला धडपडतो. अमरीश पुरींचे सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहेत, पण ती ओळख त्यांना नकोशी आहे. शेवटी बापाच्या अंत्यसंस्काराला आणलेला लहान्या आपल्या तरुण बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तिचंही तेच होऊ नये म्हणून, आणि मग त्याच्या घशातून तो आक्रोश बाहेर पडतो.

फार ताकदीचा चित्रपट आहे. जंगलभागातली सत्ता कशी चालते, वकील, डॉक्टर, पोलीस अधिकारी संध्याकाळी एकाच टेबलावर पत्ते कसे खेळतात, हे इतक्या खरेपणाने फार थोड्यांनी दाखवलं आहे. पण त्यातल्या आदिवासी बायकांकडे पाहा. बायको, म्हणजे स्मिता पाटील, फक्त आठवणींत येते आणि मरते. बहीण शब्दांवाचून वावरते आणि भावाच्या हातून मरते. दोघींची शरीरं पुरुषाच्या मौनाचं आणि पुरुषाच्या किंकाळीचं कारण होतात. आदिवासींवरच्या अन्यायाचा चेहरा इथे पुरुषाचा आहे.

म्हणजे एका चित्रपटात बाई बोलते, पण ती आदिवासी नाही. दुसऱ्यात आदिवासी आहे, पण बाई बोलत नाही. ज्या प्रकरणाने त्या वर्षी देश ढवळून निघाला होता, त्यातली मुलगी आदिवासी होती, बाई होती आणि बोललीही होती : आधी जमावापुढे, मग पोलिसांपुढे, मग न्यायालयात. तिच्यासाठी दोन्ही पडद्यांवर जागा नव्हती. सेंट लुईसच्या पाच जणींसारखीच ती मध्ये पडली.

त्या काळी आणि आजही लोकप्रिय पडद्यावर आदिवासी मुलगी दिसते तेव्हा बहुतेक वेळा नाचत असते. उघडे खांदे, केसांत रानफूल, मागे ढोल, आणि तिच्याकडे पाहणारा शहरी नायक. गोटुलचं, म्हणजे आदिवासी तरुणतरुणींच्या एकत्र जमण्याच्या घराचं, वर्णन तर बाहेरच्यांनी जणू तिथे दुसरं काही होतच नाही अशा चवीने केलं आहे. गाणी, कामाची शिस्त, गावकीचे निर्णय, थोरामोठ्यांचा मान हे सगळं गाळून शरीर तेवढं उरवलं. न्यायाधीशही याच समाजात वाढतात, हीच गाणी ऐकतात, हीच चित्रं पाहतात. आदिवासी मुलगी ‘सरावलेली’ असणार, ही कल्पना सत्र न्यायालयात कुठून तरी आलेली होती.

नाव आणि नजर

१९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत २२८-अ हे कलम आणलं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला. नव्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७२ क्रमांकाने आहे. ज्या मुलीच्या खटल्यातून ही तरतूद जन्मली, तिचं नाव मात्र तोवर निकालपत्रात, पत्रकांत, पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं होतं. प्रकरणाला दुसरं नाव नाही, म्हणून मथळ्यात मलाही ते घ्यावं लागलं. बाकी लेखात मी ते टाळलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या घटनेनंतर माध्यमांनी तिथल्या तरुणीला टोपणनावं दिली, तिची ओळख जपली. त्याच लाटेत, ‘कायदा बदलणारी पहिली मुलगी’ म्हणून, पत्रकार इथल्या बाईच्या दारापर्यंत पोचले. तिने म्हातारपणीही पुन्हा सारं सांगायचं. कुणी तिला विचारून आलं असेल, कुणी सहृदयतेने लिहिलंही असेल. तरी एकीच्या वाट्याला आडोसा आणि दुसरीच्या वाट्याला कॅमेरा आला, आणि दोघींमधला फरक शहर, वर्ग आणि जमात एवढाच होता.

वैद्यकीय तपासणीतल्या त्या ‘सवयीच्या’ शेऱ्याचं पुढे काय झालं, तेही विदर्भातच घडलं म्हणून सांगते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या तपासण्यांचा दर्जा किती निकृष्ट आहे याचा अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून बाईला शरीरसंबंधांची ‘सवय’ आहे का ते ठरवणं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चाचणी पीडितेच्या प्रतिष्ठेवर घाला असल्याचं म्हटलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाला जबाबदार धरला जाईल असं बजावलं. देसाईगंजची ती रात्र आणि हा आदेश यांत पन्नास वर्षं गेली.

सवयीचा शेरा कागदावरून गेला, तरी बातमीतून गेला नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे मारले गेले. बौद्ध कुटुंब, पाच एकरांच्या आतबाहेर जमीन, शिकणारी मुलं, आणि मारहाणीच्या गुन्ह्यात साक्ष द्यायला न घाबरलेल्या मायलेकी. सुरुवातीच्या दिवसांत या घटनेला कारण म्हणून जे पुढे केलं गेलं ते होतं सुरेखाबाईंचे कथित अनैतिक संबंध. साक्षीदार असणं, जमीन असणं, जात असणं, यांतलं काहीच नाही, बाईचं चारित्र्य. राष्ट्रीय माध्यमांनी दखल घ्यायला महिना लागला. खटल्यात पुढे शिक्षा झाल्या, पण २०१० च्या उच्च न्यायालयाच्या निकालातही ॲट्रॉसिटीचा गुन्हा मान्य झाला नाही. सूडाचा हेतू मानला गेला. वडशाहून खैरलांजी दूर नाही. धानाची तीच शेतं, त्याच बोड्या, म्हणजे पाण्याची छोटी तळी, आणि बाईला आधी बदनाम करून मग तिची गोष्ट सांगण्याची तीच पद्धत.

झाडीपट्टीच्या मंचावर

हे प्रकरण मी पदवीच्या मुलामुलींपुढे मांडते. त्यांच्यातले काही जण दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करतात, कुणी पेटीवर असतो, कुणी पडद्याच्या दोऱ्या ओढतो. मंडई (दिवाळीनंतरच्या जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभर चालणारी ही नाटकं हेच आमच्याकडचं सर्वांत मोठं लोकप्रिय माध्यम आहे. सिनेमा आणि मालिका त्याच्या मागे. म्हणून आम्ही ठरवलं की यावर नाटकाचा एक अंक लिहून पाहू. नाव नाही, गाव नाही, ओळख पटेल असा तपशील नाही, पण रचना तीच.

पहिला प्रश्न निघाला प्रेमाचा. नाटकाचा अनुभव असलेल्या एका मुलाचं म्हणणं पडलं की नायिकेचं आधीच कुणावर मन असल्याचं दाखवलं तर बायाबापड्या तिच्या बाजूने राहणार नाहीत. तिला साधी कामाला जाणारी मुलगी दाखवावी आणि थेट ठाण्याचा प्रवेश घ्यावा. बऱ्याच जणांना ते पटलं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की ती ठाण्यात कशाला जाईल. प्रेम काढलं तर भावाची तक्रार निघते. तक्रार निघाली तर मावशी निघते. मावशी निघाली तर मागच्या बाजूला जाऊन ओरडणार कोण? आणि कुणी ओरडलंच नाही तर लोक जमतील कसे?

बराच वाद झाला. भावाला खलनायक करायचं का, यावर तर वर्ग दुभंगला. अनाथ बहिणीची काळजी करणारा मजूर भाऊ पोलिसांकडे गेला यात त्याचा गुन्हा किती आणि बहीण आपल्या मर्जीने वागते हे न सोसणाऱ्या रीतीचा किती, हे ठरेना. मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला, असंही झालं नाही. दोन मुलींनी भावाची बाजू फार मनापासून मांडली. दंडार या इथल्या जुन्या लोकनाट्यात बायकांची कामं पुरुष करत, बायकांच्या तोंडी काय घालायचं तेही पुरुषच ठरवत. म्हणून नायिकेचे संवाद मुलींनीच लिहायचे एवढं मात्र एकमताने ठरलं.

अंक सुरू होतो तो बांधावर, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत. मुलगी मावशीला सांगते की तिने तिच्या भाच्याला होकार दिला आहे. मावशी आधी चिडते, मग विचारते, भावाला सांगितलंस का. या प्रवेशाला मुलींनी सर्वांत जास्त पानं दिली. ठाण्याच्या आतला प्रसंग मंचावर दाखवायचा नाही असं ठरलं : दिवे जातात, दार लागतं, आणि प्रेक्षक बाहेर थांबलेल्या माणसांबरोबर बाहेरच राहतात. मावशी उठून विंगेत जाते आणि तिचा आवाज येतो. जमाव मंचावर आणायचा की प्रेक्षकांत बसलेल्या मुलांनी उठून यायचं, यावर अजून चर्चा चालू आहे. मुलगी बाहेर येऊन जे बोलते तो संवाद तीनदा लिहून झाला आहे. चौथा खर्डा पुढच्या आठवड्यात वाचायचा आहे.